जुन्या जनरेटर ट्रॉलीवर हलका कॅम्पर: पाटे, वजन आणि सोलापूरचं ऊन

साखरपेठकर (प्रश्न)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका बंद युनिटमधली जनरेटरची ट्रॉली भंगाराच्या भावात मिळतेय. तिच्यावर कॅम्पर बांधायचा विचार आहे. माहिती अशी:

दोन चाकं, एक धुरा, दोन्ही बाजूंना आठ-आठ पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या). चौकट ७५ च्या चॅनलची, आठ फूट बाय पाच फूट. धुरा चौकटीच्या बरोबर मध्ये. ५० मिमीचा भरीव चौरस बार आहे, सरळ दिसतो. टायर ६.०० - १६, पाच नटांचे. ओढायला पुढे एकच ५० बाय ५० बाय ३ चा पाइप, टोकाला ट्रॅक्टरच्या पिनेची कडी. क्षमता १५०० किलो. आरसी नाही. चौकटीवर नंबर होता का ते रंगाच्या थरामुळे कळत नाही.

ओढणार बोलेरो. झोपायला दोन मोठे, एक लहान. स्वयंपाक बाहेरच. पेटी आठ बाय पाच, उंची पाच फूट. ४० च्या अँगलचा सांगाडा, १८ मिमी प्लाय, बाहेरून अर्धा मिमी पत्रा असं फॅब्रिकेशनवाल्याने सुचवलंय. फिरणं उजनीकाठ, तुळजापूर, विजयपूर एवढंच.

हे जड होईल का? पाटे तसेच ठेवायचे का? आणि एप्रिल-मेमध्ये आत झोपता येईल असं काय करावं?

कागद_आधी

तुम्ही सगळं विचारलंत, पण आरसीचा मुद्दा जाता जाता सांगितलात. मी तिथूनच सुरुवात करेन.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा 'मोटार वाहन' आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर आणायचा तर कलम ३९ प्रमाणे त्याची स्वतःची नोंदणी लागते आणि कलम १४६ प्रमाणे विमा. नोंदणी असलेल्या गाडीच्या रचनेत बदल केला तर कलम ५२ आडवं येतं. खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरसाठी नोंदणीत वेगळा वर्ग आहे, त्यामुळे 'असं काही नसतंच' म्हणून आरटीओच्या खिडकीवरून परत पाठवलं तर तो वर्ग दाखवा. अडचण वर्गाची नाही, मंजुरीची आहे. नवीन ट्रेलरचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासलेला असावा लागतो. एका घरगुती ट्रेलरसाठी तो खर्च कुणी करत नाही.

म्हणून ट्रॉली घेण्याआधी पुढच्या चॅनलवरचा आणि उजव्या बाजूचा रंग पेंट रिमूव्हरने काढा. ग्राइंडर लावू नका, नंबर असलाच तर तोच घासून जाईल. नंबर मिळाला तर जुन्या मालकाकडून आरसी किंवा निदान बिल मागा आणि सगळं घेऊन एमएच-१३ च्या आरटीओत बदलाची परवानगी आधी विचारा. नंबरच नसेल तर दोन रस्ते उरतात. मंजुरी असलेल्या उत्पादकाचा नोंदणीकृत मोकळा ट्रेलर घेऊन त्यावर पेटी करायची, किंवा ही ट्रॉली शेतात कायमची उभी करून वापरायची. स्वतःच्या शेतात उभ्या पेटीला आरटीओ विचारत नाही.

आणि काहीही झालं तरी ट्रेलर चालत असताना आत माणूस बसवायचा नाही. मूल झोपलंय, राहू दे, हेही नाही.

चिंचोळी_फॅब

कागदांचं वर आलंय, मी लोखंडाचं सांगतो. खालचं सगळं मोकळ्या नोंदणीकृत ट्रेलरलाही तसंच लागू आहे.

आधी वजन. तुमच्या पेटीचा पृष्ठभाग मोजला तर दोन बाजू ८०, पुढचं-मागचं ५०, छत ४०, तळ ४०, एकूण २१० चौरस फूट. १८ मिमी प्लायचं आठ बाय चारचं पान ३५ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे नुसता प्लाय २३० किलो. ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो, सांगाड्याला ५० मीटर लागला तर १५० किलो. पत्र्याचे ६० वेगळे. पेटी झाली ४४० किलोची, आणि अजून आत गादीही नाही.

हेच २५ बाय २५ च्या १६ गेज चौकोनी पाइपात करा. मीटरला १.१५ किलो, ५० मीटरचे ५८. बाहेरून ३ मिमी एसीपी (दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेलं पान), साधारण ६०. मधे २५ मिमी एक्सपीएस (कडक थर्माकोलसारखा फोम), १४. आतून ४ मिमी प्लाय, ४०. तळाला फक्त १२ मिमी मरीन प्लाय, ३०. सगळं मिळून २०० च्या घरात. ताकद कमी पडत नाही, कारण दोन्ही बाजूंनी चिकटलेली कातडी आणि मधला फोम मिळूनच भिंत ताठ होते. जाड अँगल तिथे ओझं म्हणून बसतो, बाकी काही नाही.

चेसिस चाकांसकट २३० धरा, नवीन ओढदांडा २५, फिटिंग ६०, सामान १००. एकूण ६१५ किलो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत, तीच मर्यादा इथेही डोळ्यासमोर ठेवा. अँगलवाली पेटी केलीत तर ती ओलांडली जाते आणि मग ट्रेलरला ब्रेक बसवणं आलं. बोलेरोच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याचं वजन दिलंय का तेही बघा. हूक बंपरला जोडून चालत नाही, चेसिसच्या दोन्ही कण्यांना ८.८ ग्रेडच्या बोल्टने पट्टी टाकूनच.

आता पाटे. १५०० किलोसाठीचे पाटे पूर्ण भाराला ६५ मिमी बसतात असं धरा. चाकं, धुरा आणि नाकावरचं वजन पाट्यांवर येत नाही, त्यामुळे तुमचा भार प्रत्येक बाजूला २०० किलोच पडणार, म्हणजे ते जेमतेम १९ मिमी बसतील. अशी पेटी स्पीडब्रेकरवर उडते, रिव्हेट ढिले होतात, खिडकीच्या कोपऱ्यात एसीपी चिरतो. बाकी कितीही सुबक काम करा, हे चुकलं तर वर्षभरात पेटी खिळखिळी. पाटे निम्मे केले की बसकण दुप्पट होते, ३८-४० मिमी. तेवढी पाहिजेच.

कुठले काढायचे? टोकांना गोल डोळे असलेला सगळ्यात वरचा पाटा आणि त्याच्या खालचा, हे दोन कधीच नाही. खालच्या सहांतले आधी एकाआड एक तीन काढा, म्हणजे लांबीचा उतार टिकतो; चौथा काढायचा का ते मोजून ठरवा. सगळे छोटे एकदम काढले तर वरच्या पाट्याची मधली जागा उघडी पडते आणि तो सेंटर बोल्टपाशी (पाटे मधे एकत्र धरणारा बोल्ट) तुटतो. मग चौकटीखाली मोजपट्टी धरून आधी रिकामं मोजा, एका बाजूला सिमेंटच्या चार गोण्या ठेवा, परत मोजा. फरक ३० च्या आत आला तर अजून एक पाटा काढा, ५० च्या वर गेला तर एक परत घाला. सेंटर बोल्ट आणि पाटे धुऱ्याला आवळणारे यू-बोल्ट नवीनच घ्या, जुना यू-बोल्ट एकदा ताणलेला असतो. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस. पाटे कमी झाले की घर्षण कमी होतं आणि झोका लवकर थांबत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या व्हॅनचे मागचे शॉकअप तिरपे लावून घ्या.

ओढदांडा बदलायलाच हवा. नाकावर, म्हणजे ओढदांड्याच्या हुकाकडच्या टोकावर, ६० किलो, पेटीपासून हूक १.२ मीटर पुढे, खड्ड्यात धक्का तिप्पट धरला तर तुमच्या एका ५० च्या पाइपात चौरस मिमीला २६ किलो ताण येतो. साधं लोखंड २५ ला वाकतं. कडेचं वेल्डिंग धरलं तर तेवढंही सहन करणार नाही. दोन ७५ चे चॅनल उभे ठेवून 'ए' आकारात आणले तर हाच ताण साडेपाचवर येतो. चॅनल चौकटीच्या पुढच्या पट्टीवर संपवू नका, खालून दुसऱ्या आडव्या पट्टीपर्यंत न्या. वेल्ड चॅनलच्या उभ्या बाजूला घ्या. वरच्या-खालच्या पाकळीवर (चॅनलच्या आडव्या पट्टीवर) आडवा वेल्ड मारला की तडा तिथूनच सुरू होतो. पाकळीला भोकही नको. धुऱ्याला मधे कुठेही वेल्डिंग नाही.

कडी-पिन काढून ५० मिमीचा बॉल आणि त्याच मापाचा कपलर (बॉलला वरून धरणारी वाटी) लावा. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो असं दुकानदार सांगेल. बसतो, आणि उडतोही. खाली दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही.

धुरा बरोबर मध्ये आहे म्हणालात, तो तसा चालणार नाही. नाकावर एकूण वजनाच्या दहा टक्के हवं, म्हणजे ६० किलो. ओढदांड्याचे स्वतःचे १९ नाकावर येतात. दांड्यावरच्या पेटाऱ्यात बॅटरी आणि गॅस ठेवलात तर अजून १८. उरलेले मिळवायला पाट्यांचे हँगर (पाटे चौकटीला टांगणारे ब्रॅकेट) १५० मिमी मागे सरकवा. नाक हलकं राहिलं तर ताशी ६० च्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तसं झालंच तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंगशी झटापट नको, फक्त ॲक्सिलरेटर सोडा.

हँगर वेल्ड करण्याआधी बॉलच्या मध्यापासून धुऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत माप घ्या. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर ट्रेलर तिरका चालतो आणि एकाच बाजूचा टायर खातो. मी तर टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारल्यावर परत मोजा म्हणेन, वेल्डिंगच्या उष्णतेने हँगर ओढला जातो.

जुळे_सोलापूर_४२अंश

फॅबवाल्या अण्णांच्या हिशोबाशी सहमत, एका गोष्टीवर मात्र नाही. हँगर सरकवायचेच आहेत तर जुने पाटे कमी करत बसण्यापेक्षा व्हॅनचे मागचे पाटेच घाला. ते मुळात अशाच भारासाठी बनलेत.

आता उन्हाचं. इथे मे महिन्यात हवा ४२-४३ ला असते, उन्हातला छताचा पत्रा त्याच्याही बराच वर जातो. २५ मिमी एक्सपीएस उष्णता अडवतं, पण दिवसभर तापलेली पेटी रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते. म्हणून मुख्य काम छतावर सावली धरण्याचं. छतापासून ५० मिमी वर अॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या लावून दुसरं पांढरं पान घाला, मधून हवा आरपार जाऊ द्या. तेवढं वजन नको असेल तर पेटी उभी केल्यावर बांबूवर ७५ टक्केवाली शेडनेट ताणा, छताच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर. डाळिंबवाले वापरतात तीच. रंग पांढराच. राखाडी एसीपी फोटोत छान दिसतो, आत झोपणाऱ्याला विचारा.

लोखंडी पाइप बाहेरच्या कातडीला आणि आतल्या प्लायला दोन्हीकडे टेकला की उष्णता त्या रेषेनेच आत येते. पाइप आणि आतला प्लाय यांच्या मध्ये ५-६ मिमी फोमची पट्टी द्या. भिंतीला हात लावून पाइप कुठे आहे ते ओळखता आलं नाही पाहिजे.

एक्सपीएस चिकटवताना एसआर प्रकारचा पिवळा रबरी गोंद अजिबात नको, त्यातलं द्रावण फोम खाऊन टाकतं. वरून चिकटल्यासारखं दिसतं, आठवड्याने पान पोकळ वाजतं. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद किंवा पीयू फोम वापरा.

एसीपी रिव्हेटने करकचून बसवू नका. आठ फुटी पान जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत जवळजवळ ३ मिमी लांबी बदलतं, लोखंड त्याच्या निम्मंच. रिव्हेट घट्ट असतील तर पान फुगतं किंवा भोकं लंबगोल होतात. पाइपावर पीयू सीलंटची ३ मिमी जाड ओळ देऊन पान चिकटवा, जाडी राखायला मधे ३ मिमीचे रबराचे तुकडे ठेवा. रिव्हेट फक्त कडेला, भोक रिव्हेटपेक्षा १ मिमी मोठं, मोठ्या टोपीचे. सिलिकॉन नको, त्यावर पुढे रंगही बसत नाही आणि दुसरा सीलंटही.

छत पाच फूट रुंद, एसीपी चार फुटी, म्हणजे जोड येणारच. पानं आडवी टाका, जोड छताच्या मध्यावर घ्या आणि पुढचं पान मागच्यावर ५० मिमी चढवा. उलट चढवलं तर पुढून येणारा वारा पाणी थेट जोडात ढकलतो.

आपल्याकडे पावसापेक्षा धूळ जास्त त्रास देते. चालत्या पेटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागच्या दाराच्या फटीतून काळ्या मातीचा भुगा आत ओढला जातो. दार बाजूला घ्या. मागे घ्यायचंच असेल तर दुहेरी रबर लावा, आणि पुढच्या भिंतीवर वर एक छोटी झडप ठेवून तिला एसी फिल्टरसारखी जाळी लावा. चालताना ती उघडी असली की आत थोडा दाब राहतो आणि फटीतून हवा बाहेर जाते.

एप्रिलची हवा कोरडी, त्यामुळे १२ व्होल्टचा छोटा कूलर इथे चांगला चालतो, फक्त समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. पावसाळ्यात तोच कूलर गादी ओली करेल.

सत्तर_फूट_वायरमन

वीज थोडक्यात. ३० वॅटचा पंखा आठ तास म्हणजे २४० वॅट-तास, दिवे ४०, मोबाईल ३०. तीनशेच्या वर जरा. १२.८ व्होल्ट ५० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरीत ६४० असतात, दोन रात्री निघतात. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलो भरते, तिचा विचारही नको. १०० वॅटचं एक पॅनल इथल्या उन्हात रोजचं भरून काढतं. कूलर चालवणार असाल तर हा हिशोब दुप्पट करा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात, पेटीच्या आत नेऊन नाही.

मागच्या दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट घ्या. क्रम ठरलेला आहे: १ डावा इंडिकेटर पिवळी वायर, २ मागचा फॉग निळी, ३ अर्थ पांढरी, ४ उजवा इंडिकेटर हिरवी, ५ उजवा टेल तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावा टेल काळी. अर्थ स्वतंत्र ओढा, २.५ चौरस मिमी. बॉलमधून अर्थ मिळतो यावर विसंबलात की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणायला लागतो, आणि मग माणूस बल्ब बदलत बसतो. गाडीच्या दिव्यांच्या वायरीला थेट जोड मारू नका. रिलेचा डबा मधे टाका, नाहीतर नव्या गाड्यांत दिव्यांचा दोष डॅशबोर्डवर येतो.

गॅसचा ५ किलोचा सिलिंडर दांड्यावरच्या पेटाऱ्यात, त्याच्या तळाला दोन बोटांची दोन भोकं. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्याच पेटाऱ्यात बॅटरी ठेवणार असाल तर मधे बंद पडदा हवा, दोघांचं एका खोलीत जमत नाही. शेगडी, कोळसा, मच्छर पळवायचा धूर, पेटीच्या आत काहीच नाही.

साखरपेठकर

आभार. पेंट रिमूव्हर उद्याच आणतो. नंबर निघाला नाही तर मोकळा ट्रेलर बघेन. दोन शंका उरल्या. टायर ६.०० - १६ ठेवू की बदलू? आणि नाकावरचं वजन घरी कसं मोजायचं?

चिंचोळी_फॅब

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या ट्रॉलीचे टायर नक्षी शाबूत ठेवून आतून मरतात. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर विचार न करता काढा. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ८२ मिमी भरलं तर ते पाच बोल्टांचं १३९.७ मिमीचं वर्तुळ, बोलेरोचंही तेच. मधलं भोक आणि नटांचा उतार जुळतो का ते रिम प्रत्यक्ष बसवून बघा. जुळलं तर बोलेरोचीच रिम-टायर घाला, एक स्टेपनी दोन्हींना पुरते. कपलरची उंची मात्र टायर ठरल्यावरच काढा, ट्रेलर भरल्यावर जमिनीला समांतर उभा राहिला पाहिजे.

बेअरिंग चारही नवीन, सील नवीन. हब फिरवत फिरवत नट आवळा, मग पूर्ण सैल करून बोटांनी बसेल तेवढाच घट्ट करा आणि स्प्लिट पिन घाला. पान्याने आवळून ठेवलेलं टेपर बेअरिंग मोहोळ गाव यायच्या आत निळं पडेल.

नाकाचं वजन घरच्या वजनकाट्यावर होतं. काट्यावर कपलरच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करा, चाकांना उटी (सरकू नये म्हणून दगड) लावा, सगळं सामान आणि पाणी भरून नाक त्यावर टेकवा. ५५ ते ६५ आलं पाहिजे. पाण्याचे दोन जार धुऱ्याच्या बरोबर वर ठेवा, म्हणजे भरले-रिकामे झाले तरी हा आकडा हलत नाही. एकूण वजन रस्त्याकडेच्या काट्यावर करा, पण तिथला आकडा पाच-दहा किलोच्या टप्प्याने येतो, म्हणून नाक तिथे मोजू नका.

व्हॅनच्या पाट्यांबद्दल: चालतील. पण त्यांचे डोळे आणि शॅकल (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा) यांचं अंतर वेगळं, हँगर दोन्ही नवीन करावे लागतील. जुन्या हँगरमध्ये ओढून बसवले तर पाटा सरळ होऊन खेळतच नाही.

पहिल्यांदा पंढरपूर रस्त्याला घेऊन जा, तुळजापूरचा घाट नको. २५ किलोमीटरवर थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे किंवा ग्रीस नाही. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट परत कसा, नवे यू-बोल्ट पहिल्या फेरीत हमखास सैल पडतात.